ग्रह आठ की नऊ? आजींचा प्रश्न, सोललेला नारळ आणि कौलातला कवडसा

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी सहावीत आहे. ग्रहांचे व्यास, सूर्यापासूनची अंतरं, कोणाला किती चंद्र, सगळं घडाघडा म्हणून दाखवते. पण गावाहून आलेल्या आजींनी विचारलं, "देवळात नवग्रह आहेत, त्यात सूर्य आणि चंद्र आहेत. तुझ्या पुस्तकात ग्रह आठच, आणि त्यात हे दोघं नाहीत. असं कसं?" आणि पोर गप्प झाली. शिवाय घरातल्या तीन पुस्तकांत शनीच्या चंद्रांचे तीन वेगळे आकडे. मग तिनं नेमकं काय पाठ करावं?

मी गेली बावीस वर्षं शाळांमध्ये आणि गावाबाहेरच्या माळांवर आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेते. तुमच्या मुलीसारखी मुलं दर वेळी भेटतात. गुरूचा व्यास किलोमीटरमध्ये सांगतात, पण डोक्यावर लखलखणारा गुरू दाखवला की विचारतात, "मॅडम, ते विमान आहे का?" त्यांना हसू नका. त्यांच्याकडे आकडे पुस्तकातून आलेत आणि आकाशाशी त्यांची गाठ कधी पडलेलीच नाही. तुमच्या घरी तेच झालंय. आजींनी आकाशातलं विचारलं, नातीकडे उत्तर पुस्तकातलं होतं.

आधीच सांगते, काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही पुण्या-मुंबईत राहत असाल तर आकाशगंगा दिसणार नाही, पण चंद्र, शुक्र, गुरू, शनी, मंगळ गच्चीवरून आरामात दिसतात. पावसाळा असेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा, उगाच रोज ढगांकडे बघून मुलीचा उत्साह घालवू नका. आणि परीक्षा तोंडावर असेल तर पाठ्यपुस्तकात छापलंय तेच लिहू द्या. बाईंशी वाद घालून मार्क वाढत नाहीत.

आता आजी. त्यांचं अजिबात चुकलेलं नाही. जुन्या काळी आकाशाकडे पाहणाऱ्यांनी तारे दोन गटांत टाकले: एकमेकांतली अंतरं न सोडता सगळे मिळून फिरणारे, आणि त्यांच्यामधून वाट काढत जागा बदलणारे. दुसऱ्या गटात नुसत्या डोळ्यांना सात जण सापडतात: सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. हे सात ग्रह. म्हणजे 'ग्रह' ही त्या काळी चालीवरून केलेली वर्गवारी होती, आणि ती निरीक्षणावरच उभी होती. आजची वर्गवारी मुख्यतः कोण कोणाभोवती फिरतं यावरून होते. त्यात सूर्य तारा ठरतो, चंद्र पृथ्वीचा उपग्रह, आणि पृथ्वी स्वतः ग्रहांच्या रांगेत येऊन बसते. जुन्या यादीत पृथ्वी नाही, कारण आपण तिच्यावरच उभे राहून बघत होतो.

उरले राहू आणि केतू. ते दिसत नाहीत, कारण ते गोळेच नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या आकाशातल्या वाटेला सुमारे 5 अंशांनी तिरकी आहे. या दोन वाटा एकमेकींना दोन ठिकाणी छेदतात, ते छेदबिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या जवळपास आली तरच ग्रहण होतं. दर महिन्याला ग्रहण का होत नाही, याचं पूर्ण उत्तर या दोन नावांत आहे. हे बिंदूही सरकत सुमारे 18.6 वर्षांत एक फेरी मारतात. ग्रहण सावल्यांमुळे होतं हे आर्यभटानं इ.स. 499 च्या सुमारास लिहून ठेवलंय, त्यामुळे राक्षसाची गोष्ट सांगताना सावलीची गोष्टही सांगायला हरकत नाही.

आजींना आणखी एक गंमत सांगा, त्या खूश होतील. सात ग्रहांना सर्वांत संथ चालीपासून सर्वांत जलद चालीपर्यंत लावा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, सोम. आता शनिवारच्या पहिल्या तासाला शनीचं नाव द्या, दुसऱ्याला गुरूचं, तिसऱ्याला मंगळाचं, असं फिरवत राहा. चोवीस तास संपले की पंचविसावा तास, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला तास, रवीचा येतो. त्याच्या पुढच्या दिवशी सोमाचा, मग मंगळाचा. आठवड्याचे वार या क्रमाने का येतात ते कळतं. सहावीतली मुलगी हे वहीत करून बघू शकते. मी वर्गात हे करून घेते तेव्हा 'बुधवार' आपोआप निघाला की मुलं ओरडतात.

साडेसातीचंही तसंच. पत्रिकेतल्या भाकितांवर माझा विश्वास नाही, पण साडेसात हा आकडा आकाशातून आलेला आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, राशी बारा, म्हणजे एका राशीत जवळजवळ अडीच वर्षं, तीन राशींत साडेसात. शनैश्चर या शब्दाचा अर्थच हळू चालणारा. गुरूची फेरी 11.86 वर्षांची, म्हणजे वर्षाला साधारण एक रास. म्हणून नाशिकचा सिंहस्थ आणि नृसिंहवाडीचा कन्यागत बारा वर्षांनी येतात. ज्या घरात 'सिंहस्थ' हा शब्द माहीत आहे, त्या घरातल्या मुलीला गुरूचा परिभ्रमणकाळ पाठ करावा लागू नये असं मला वाटतं.

आता शनीचे चंद्र. तुमची तिन्ही पुस्तकं आपापल्या वर्षी बरोबर होती. 2019 मध्ये संख्या 82 झाली, 2023 मध्ये 145 च्या पुढे गेली, आणि मार्च 2025 मध्ये एकदम 128 नव्या चंद्रांना मान्यता मिळून 274 झाली. यातले बहुतेक जेमतेम काही किलोमीटरचे दगड आहेत. दुर्बिणी सुधारल्या की आकडा पुन्हा वाढणार. असला आकडा पाठ करणं म्हणजे गावची लोकसंख्या पाठ करण्यासारखं आहे. त्याऐवजी टायटन लक्षात ठेवू दे. 5,150 किलोमीटर व्यासाचा हा चंद्र बुध ग्रहापेक्षा मोठा आहे आणि त्याला दाट वातावरण आहे.

प्लूटोबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आज ना उद्या मुलगी विचारेल. 1930 मध्ये सापडला, 2006 मध्ये प्राग इथल्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत त्याला बटुग्रह ठरवलं. प्लूटो होता तसाच आहे, आपली व्याख्या बदलली. आजींच्या नवग्रहांच्या बाबतीतही हेच घडलेलं आहे, हे मुलीच्या लक्षात आणून द्या.

अंतरांकडे वळू. पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र हा मला सगळ्यात मोठा घोटाळा वाटतो. सूर्य, मग शेजारी शेजारी आठ चेंडू. प्रमाणात चित्र काढायचं तर पान पुरणार नाही, त्यामुळे चित्रकाराचाही इलाज नसतो. मी ते चित्र बाजूला ठेवून घरून एक सोललेला नारळ नेते.

साधारण 11 सेंटीमीटरचा नारळ हा सूर्य. तर पृथ्वी एक मिलिमीटरची, म्हणजे राजगिऱ्याचा एक दाणा, आणि तो नारळापासून 11.7 मीटरवर ठेवायचा. मोठी ढांग टाकत सोळा-सतरा पावलं. चंद्र म्हणजे पाव मिलिमीटरचा बारीक रव्याचा कण, राजगिऱ्यापासून 3 सेंटीमीटरवर. इथे जरा थांबून मुलीला विचारा: चंद्राची पृथ्वीभोवतीची पूर्ण फेरी 6 सेंटीमीटर रुंद आणि सूर्य 11 सेंटीमीटरचा, मग ती फेरी सूर्याच्या पोटात मावेल का? मावते, आणि वर जागा उरते. सूर्याचा व्यास 13.9 लाख किलोमीटर हा आकडा वाचून हे कुणाच्याही डोक्यात येत नाही.

पुढे चाला. गुरू हा टपोऱ्या काबुली चण्याएवढा, 61 मीटरवर. शनी त्याहून किंचित लहान, 112 मीटरवर, बहुतेक शाळांचं मैदान इथेच संपतं. युरेनस आणि नेपच्यून ज्वारीच्या दाण्याएवढे, एक 225 मीटरवर, दुसरा 353 मीटरवर. इथपर्यंत मुलं दमतात आणि नारळ दिसेनासा होतो. मग मी सांगते की 1977 साली निघालेलं व्हॉयजर-1 यान याच हिशोबात अजून सुमारे दोन किलोमीटरवर आहे. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? जवळपास 3,150 किलोमीटरवर. नारळ कन्याकुमारीला ठेवला तर तो तारा काश्मीरच्या वरच्या टोकाशी येतो.

याच मोजमापात आपलं आदित्य-एल1 यान कुठे आहे तेही दाखवते. बातम्या वाचून पुष्कळांना वाटलं होतं की ते सूर्यावर गेलं. ते पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्यापासून अर्ध्या वितीवर. उरलेले साडेअकरा मीटर तसेच.

चंद्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण त्याला दुर्बीण लागत नाही, काळोख लागत नाही, आणि तरी शिकलेल्या मोठ्या माणसांचाही इथे गोंधळ असतो. दहापैकी सात जण सांगतात की कला पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात. शिक्षकही सांगतात. सावली फक्त चंद्रग्रहणात पडते. एरवी चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेला असतो, त्यातला किती आपल्या बाजूला आहे एवढाच प्रश्न.

हे समजवायला माझ्याकडे एक लिंबू आहे. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, साधारण सात-आठ वाजता, पश्चिमेला चंद्र अजून मावळलेला नसतो. ऊन आलेलं असतं. मुलीला उन्हात उभं करा, हातात लिंबू द्या आणि तिला ते चंद्राच्या दिशेनं, चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असं धरायला सांगा. लिंबावर उजेड-सावलीची जी रेघ दिसेल तीच चंद्रावर दिसते, तशीच कललेली. एकाच सूर्यानं दोघांना एकाच बाजूनं उजळलेलं असतं. बावीस वर्षांत मी हे शेकडो वेळा केलंय, आणि अजूनही लिंबू वर धरताना मला मजा येते. चंद्र दिवसा दिसतो हेही त्यात आपोआप येऊन जातं.

कॅलेंडरवरची तिथी हे चंद्र आणि सूर्य यांच्यामधल्या आकाशात दिसणाऱ्या अंतराचं मोजमाप आहे. त्यांच्यातला कोन 12 अंशांनी वाढला की एक तिथी संपते. शुक्ल अष्टमीला सूर्य मावळताना अर्धा चंद्र डोक्याच्या आसपास असतो. पौर्णिमेला सूर्य मावळायच्या सुमारास चंद्र उगवतो. मग रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा. म्हणून वद्य चतुर्थीला, म्हणजे संकष्टीला, चंद्रोदय साडेआठ-नऊच्या पुढे जातो आणि उपवास करणारे ताटकळतात. नागपूरला चंद्र मुंबईच्या आधी साधारण पंचवीस मिनिटं उगवतो, कारण नागपूर सहा-सव्वासहा रेखांश पूर्वेला आहे. आजी संकष्टी करत असतील तर चंद्रोदयाची वेळ लिहून ठेवायचं काम नातीकडे द्या. तीन-चार संकष्ट्यांत तिला हे सगळं कळेल.

चंद्र स्वतःभोवती आणि पृथ्वीभोवती एकाच वेळात, 27.3 दिवसांत फिरतो. म्हणून आपल्याला एकच बाजू दिसते. पलीकडची बाजू 1959 मध्ये रशियन यानानं पहिल्यांदा टिपली. तिला 'काळी बाजू' म्हणू देऊ नका, तिथेही दोन आठवडे ऊन आणि दोन आठवडे रात्र असते. चांद्रयान-3 हे 23 ऑगस्ट 2023 ला उतरलं तेव्हा त्या जागी नुकतीच सकाळ झाली होती. काम ठरवलं होतं एका चांद्रदिवसाचं, म्हणजे आपल्या चौदा दिवसांचं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे रात्र पडायच्या बेतात आली तशी यंत्रं झोपवली, ती पुन्हा जागी झाली नाहीत. टीव्हीवर लॅंडिंग बघितलेल्या मुलांना चंद्राचा दिवस केवढा असतो हे यातून चटकन कळतं.

एक छोटा प्रयोग कोजागिरीला करा. हात सरळ लांब करून करंगळी चंद्रावर धरा. उगवतीचा तो परातीएवढा वाटणारा चंद्र करंगळीच्या निम्म्या रुंदीत झाकला जातो. करंगळी सुमारे 1 अंश, चंद्र अर्धा अंश. मध्यरात्री डोक्यावर आल्यावर पुन्हा करा, तेवढाच. बंद मूठ सुमारे 10 अंशांची, पुढे ग्रह शोधताना उपयोगी पडते.

सूर्याकडे पाहायचं नाही, ही अट. बायनॉक्युलर किंवा दुर्बिणीतून तर क्षणभरही नाही, डोळा जातो तो परत येत नाही. ग्रहणाच्या वेळी एक्स-रेच्या फिल्म घेऊन फिरणारे काका अजून भेटतात, त्यांना मी तिथल्या तिथे थांबवते. पण सूर्य न बघता मोजता येतो. जुन्या कौलारू घरात फटीतून जमिनीवर कवडसा पडतो. फट वेडीवाकडी असली तरी लांबून पडलेला कवडसा गोल असतो, कारण ते सूर्याचं चित्र असतं. घर स्लॅबचं असेल तर एका पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा आणि बरोबर एक मीटरवर पांढरा कागद धरा. उन्हाचा ठिपका सुमारे 9 मिलिमीटरचा येतो. एक मीटरला 9 मिलिमीटरनं भागा: 110 च्या आसपास. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या सुमारे 108 पट लांब आहे, असं मुलीनं पुठ्ठ्यावर मोजलं. चंद्रही योगायोगानं त्याच्या व्यासाच्या सुमारे 110 पट लांब आहे. म्हणून एवढासा चंद्र एवढ्या मोठ्या सूर्याला बेतानं झाकू शकतो. 22 जुलै 2009 चं खग्रास बघायला आम्ही सुरतेला गेलो होतो. ढगांमुळे सूर्य दिसला नाही, पण सकाळी भर दिवसा रात्र झाली ती अनुभवली.

हेलियमची गोष्ट कोकणातल्या वाचकांसाठी. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाची वाट विजयदुर्गावरून गेली होती, तिथे 'साहेबाचा कट्टा' दाखवतात आणि लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं तिथून हेलियम शोधला असं सांगतात. जागा बघण्यासारखी आहे, पण लॉकियर तेव्हा भारतात नव्हता. सूर्याच्या उजेडातली हेलियमची पिवळी रेषा त्यानं ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. त्या ग्रहणाचं महत्त्वाचं निरीक्षण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं गुंटूरहून केलं होतं. एरवी सूर्याबद्दल एवढं पुरे: सूर्यमालेतलं 99.8 टक्के वस्तुमान त्याच्याकडे आहे, आणि त्याचा उजेड आपल्याकडे यायला 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. आणखी एक, कारण यावर पैज लावता येते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, 14.7 कोटी किलोमीटरवर. आपण तेव्हा स्वेटर घालून बसलेलो असतो. थंडी-उन्हाळा पृथ्वीच्या कलण्यामुळे येतो, अंतरामुळे नाही.

ग्रहांचं बाकीचं भरभर सांगते. सर्वांत तापलेला ग्रह शुक्र आहे, सूर्याला चिकटलेला बुध नाही. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडची जाड गोधडी आहे, तापमान सुमारे 465 अंश सेल्सिअस, दिवस असो की रात्र. बुध आणि शुक्र पृथ्वीच्या आतल्या बाजूला असल्यामुळे ते मध्यरात्री डोक्यावर कधीच येत नाहीत. शुक्र सूर्यापासून पाच मुठींच्या आत, बुध तीन मुठींच्या आत. मध्यरात्री डोक्यावर ठळक, न लुकलुकणारं काही दिसलं तर ते गुरू, शनी किंवा मंगळ. मंगळाचा दिवस जवळपास आपल्याएवढाच, सुमारे 24 तास 40 मिनिटं. गुरू एवढा धिप्पाड असून दहा तासांच्या आत गिरकी घेतो. त्याचे चार मोठे चंद्र साध्या बायनॉक्युलरमधून दिसतात, फक्त हात भिंतीला टेकवून ठेवा. शनीच्या कड्यांसाठी मात्र दुर्बीण हवी, आणि नशीबही. 2025 च्या दिवाळीनंतर आमच्या कार्यक्रमात मुलं रांगेत उभी राहून शनी बघायची आणि म्हणायची, "कडी कुठाय?" कड्यांची धार तेव्हा जवळजवळ आपल्याकडे होती, आणि त्यांची जाडी दहा-वीस मीटरच्या हिशोबात. आता ती दरवर्षी उघडत जातील. तुमच्या मुलीला दहावी-बारावीत छान दिसतील.

मग पाठ काय करायचं? मी असते तर एवढंच सांगितलं असतं: ग्रहांचा क्रम, पृथ्वी-सूर्य-चंद्र यांच्या आकारांचं 1, 109 आणि पाव हे प्रमाण, चंद्र पृथ्वीच्या 30 व्यासांवर, गुरूची 12 आणि शनीची साडेएकोणतीस वर्षं. बाकीचं लागेल तेव्हा पुस्तक उघडून बघता येतं, आणि मोजून पाहिलेलं सहसा विसरत नाही.

सुरुवात नारळापासून करा, एका संध्याकाळचं काम आहे. नारळाजवळ कुणाला तरी उभं करा. आमच्या एका कार्यक्रमात आम्ही सगळे नेपच्यूनपाशी होतो आणि तेवढ्यात एका कुत्र्यानं सूर्य पळवला.